इन्स्टॉलरला स्वतःचं अपडेट कशाला लागतं, आणि ते होऊ द्यावं का

आधी प्रश्न थोडक्यात. एका शिक्षिका ताईंकडे २०१९ मध्ये घेतलेला लॅपटॉप आहे, आठव्या पिढीचा आय-५, त्यात विंडोज १० आहे आणि त्यांना आता विंडोज ११ टाकायचंय. २०२४ च्या भाऊबीजेला भाचा आला होता, त्याने तेव्हा विंडोज ११ चा पेनड्राईव्ह बनवून ठेवला होता, तोच त्यांनी लावला. सेटअप सुरू केला तर आधीच 'गेटिंग अपडेट्स' आलं आणि ४६ टक्क्यांवर जाऊन बसलं, दोन तास वाट बघून त्यांनी बंद केलं. त्यांचं म्हणणं असं की विंडोज टाकून झाल्यावर अपडेट्स येतातच ना, मग टाकायच्या आधीच हे कसलं अपडेट, ते 'नॉट राइट नाऊ' केलं तर चालेल का, आणि शाळेतल्या दुसऱ्या सरांचं विंडोज ११ चं अपडेट पाच-दहा मिनिटांत झालं मग माझंच का अडलं.

ताई, तुम्हाला कदाचित आज रात्रीच बसायचं असेल म्हणून आधी उत्तर देतो. ते अपडेट होऊ द्या, पण त्या पेनड्राईव्हवरून नाही. तो पेनड्राईव्ह बाजूला ठेवा, नवीन बनवा, चार्जर लावा, आणि मग नेट चालू ठेवून सेटअपला त्याचं अपडेट घेऊ द्या. भाऊबीजेच्या पेनड्राईव्हबद्दल मी इतकं ठाम का बोलतोय ते खाली येईलच, त्याला एक अगदी नेमकं कारण आहे.

आता मूळ मुद्दा. मी एक्सपीच्या सीडीपासून हे काम करतोय, अठरा वर्षं झाली, आणि लोकांचा सगळ्यात मोठा गैरसमज इथेच असतो की इन्स्टॉलर म्हणजे एक डबा आहे, त्यात विंडोज भरलंय, डबा उघडला आणि आतलं लॅपटॉपमध्ये ओतलं की झालं. तसं नाहीये. पेनड्राईव्ह लावून 'सोर्सेस' नावाचं फोल्डर उघडा, त्यात दोन फाईली शोधा. एक 'बूट डॉट विम' आणि दुसरी 'इन्स्टॉल डॉट विम' किंवा 'इन्स्टॉल डॉट ईएसडी'. दुसरी भली मोठी असते, काही जीबीची, ती म्हणजे तुमचं येणारं विंडोज, दाबून दाबून घडी घातलेलं. पहिली लहान असते, ती म्हणजे एक वेगळं छोटं विंडोज, त्याला विंडोज पीई म्हणतात, पेनड्राईव्हवरून मशीन बूट केलं, म्हणजे सुरू केलं, की हे छोटं विंडोज चालू होतं आणि सेटअप त्याच्यात चालतो. शिवाय सेटअपचे स्वतःचे प्रोग्राम असतात, तुमचं मशीन लायक आहे का ते तपासणारे, ड्रायव्हर (वायफाय, डिस्क असे भाग चालवणारे छोटे प्रोग्राम) गोळा करणारे, तुमच्या फाईली आणि सेटिंग जुन्यातून नव्यात नेणारे, काही बिघडलं तर परत मागे आणणारे. हे सगळं कोणीतरी लिहिलेलं सॉफ्टवेअर आहे, आणि सॉफ्टवेअर म्हटलं की त्यात चुका निघतात, त्या दुरुस्त होतात. पण पेनड्राईव्हवर जे आहे ते ज्या दिवशी बनवलं त्या दिवशीचंच राहतं. घर दुरुस्तीला गवंडी दोन वर्षांपूर्वीची पहार घेऊन आला तर चालेल, पण इथे घर बदललंय, भिंतींची माहिती बदललीय, आणि गवंड्याच्या हातातल्या नकाशात चूक होती हे मधल्या काळात कळलंय.

म्हणून सेटअप सुरू झाला की आधी मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरला विचारतो की माझ्यासाठी काही नवीन आहे का. याला डायनॅमिक अपडेट म्हणतात. त्यात काय काय येतं ते नीट समजून घ्या, सगळा गोंधळ त्यानेच मिटतो. एक म्हणजे सेटअपच्या स्वतःच्या फाईली, म्हणजे मगाशी म्हटलं ते तपासणारे, नेणारे, मागे आणणारे प्रोग्राम, यांच्या सुधारलेल्या आवृत्त्या. दुसरं, तुमचं मशीन चालूच झालं नाही तर जे निळं रिकव्हरीचं वातावरण उघडतं त्याच्या दुरुस्त्या, आणि अपग्रेड करताना मधल्या रीस्टार्टनंतर बरंचसं काम त्याच वातावरणात होतं म्हणून ते धड असणं फार गरजेचं. तिसरं, अपडेट बसवणारी यंत्रणा, सर्व्हिसिंग स्टॅक. चौथं, विंडोजचं ताजं महिन्याचं एकत्रित अपडेट, म्हणजे विंडोज बसतानाच शक्य तितकं अलीकडचं बसतं. आणि पाचवं, तुमच्या मशीनचे ड्रायव्हर. याच टप्प्यात लँग्वेज पॅक आणि जास्तीची फीचर्सही परत आणली जातात, म्हणजे तुम्ही विंडोजचे मेनू मराठीत ठेवले असतील आणि अपडेट नाही म्हटलं तर अपग्रेडनंतर मेनू इंग्रजीत दिसू शकतात आणि मराठी पॅक पुन्हा उतरवायला लागतो. काही बिघडत नाही, पण घाबरायला होतं लोकांना.

यातलं चौथं, आणि बरेचसे ड्रायव्हर, तुम्ही म्हणता तसं 'नंतर येतंच'. बाकीचं नंतर येऊन उपयोग नाही, कारण ज्या कामासाठी ते हवंय ते काम तेव्हा होऊन गेलेलं असतं. बसवतानाच्या चुका बसवून झाल्यावर येणाऱ्या अपडेटने दुरुस्त होतीलच असं नाही.

आणि आता तुमच्या भाऊबीजेच्या पेनड्राईव्हचं. विंडोज ११ ची २४एच२ ही आवृत्ती १ ऑक्टोबर २०२४ ला आली. त्यानंतर लक्षात आलं की ८ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर २०२४ या काळातली सिक्युरिटी अपडेट्स ज्या इन्स्टॉलेशन मीडियात, म्हणजे पेनड्राईव्ह किंवा डीव्हीडीत, मिसळलेली आहेत त्यावरून २४एच२ टाकलं तर मशीन अशा अवस्थेत अडकू शकतं की पुढची सिक्युरिटी अपडेट्स ते घेतच नाही. विंडोज चालतं, दिसायला सगळं ठीक, पण अपडेट बसत नाही. मायक्रोसॉफ्टने स्वतः हे सांगितलं आणि उपाय म्हणून डिसेंबर २०२४ किंवा त्यानंतरची अपडेट्स असलेला मीडिया बनवून त्यावरून पुन्हा टाका असं सांगितलं. नेटवरून विंडोज अपडेटमधून ज्यांना २४एच२ मिळालं त्यांना हा त्रास नव्हता, फक्त मीडियावाल्यांना होता. २०२४ ची भाऊबीज होती ३ नोव्हेंबरला. तुमच्या भाच्याच्या पेनड्राईव्हवर नेमकी ती अपडेट्स आहेत की त्याच्या आधीची प्रत आहे हे मी इथे बसून सांगू शकत नाही, पण तारीख बरोबर त्याच पट्ट्यातली आहे, आणि नवीन पेनड्राईव्ह बनवायला फार तर दोन तास लागतात. यात भाच्याची काहीच चूक नाही, त्याने योग्य ठिकाणाहून योग्य पद्धतीनेच बनवला असणार.

हे फक्त विंडोजचंच आहे असं समजू नका. ॲपलच्या मॅकचे जुने इन्स्टॉलर लोकांनी पेनड्राईव्हवर सांभाळून ठेवले होते, त्या इन्स्टॉलरवर ज्या डिजिटल सर्टिफिकेटची सही होती त्याची मुदत २४ ऑक्टोबर २०१९ ला संपली आणि दुसऱ्या दिवसापासून तेच इन्स्टॉलर 'ही प्रत खराब झालीय' असं म्हणायला लागले. फाईलला काही झालं नव्हतं, एक बाईटही बदलला नव्हता, फक्त मुदत संपली होती. मग कोणी मशीनची तारीख मागे नेऊन टाकलं, कोणी ॲपलने पुन्हा सही करून ठेवलेला नवीन इन्स्टॉलर उतरवला. उबुंटूमध्ये, म्हणजे विंडोजसारख्याच दुसऱ्या एका फुकट सिस्टममध्ये, तर हे अगदी उघड असतं, नव्या डेस्कटॉपच्या इन्स्टॉलरमध्ये सुरुवातीलाच एक पान येऊ शकतं की इन्स्टॉलरची नवी आवृत्ती आलीय, आधी ती घ्यायची का, आणि सर्व्हरवाल्यातही तसंच विचारतात. तिथे लिहिलेलं स्वच्छ असल्यामुळे लोकांचा गोंधळ होत नाही. विंडोजमध्ये नुसतं 'गेटिंग अपडेट्स' लिहितात म्हणून प्रत्येकाला वाटतं की हे नेहमीचं विंडोज अपडेटच मध्ये घुसलंय.

सरांचं पाच मिनिटांत का झालं, त्याचं उत्तर साधं आहे, तुम्ही दोघं वेगळ्या गोष्टी करत होतात. त्यांच्याकडे आधीच विंडोज ११ ची २४एच२ असणार आणि त्यांना तिच्या पुढची २५एच२ आली असणार. या दोन्हींचा पाया एकच आहे, २५एच२ ची फीचर्स महिन्याच्या अपडेटमधून आधीच झोपलेल्या अवस्थेत मशीनमध्ये आलेली होती, मग एक छोटं पॅकेज आलं ज्याने ती जागी केली, एक रीस्टार्ट, संपलं. त्याला एनेबलमेंट पॅकेज म्हणतात. विंडोज १० मध्येही शेवटची बरीच वर्षं असंच होत होतं. तुमचं मात्र १० वरून ११, म्हणजे अख्खं विंडोज बदलायचंय, जुनं उचलून 'विंडोज डॉट ओल्ड' मध्ये ठेवायचं, नवं मांडायचं, मग तुमचं सामान त्यात लावायचं. २३एच२ वरून २४एच२ ला जाणाऱ्यांचंही असंच पूर्ण बदलायचं होतं. तेव्हा कोणाचं किती वेळात झालं यावरून स्वतःचं मशीन खराब आहे असं ठरवू नका. आणि दर महिन्याची जी अपडेट्स असतात ती तिसरीच गोष्ट, ती महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळी दहाला म्हणजे आपल्याकडे रात्री साडेदहा किंवा हिवाळ्यात साडेअकराला, म्हणून बुधवारी सकाळी शाळा-ऑफिसात कॉम्प्युटर चालू केले की 'रीस्टार्ट करा' चालू होतं.

आता ४६ टक्के. सेटअपमधले टक्के वेळेचे नसतात, कामाच्या पायऱ्यांचे असतात. एखादी पायरी नेटवर अवलंबून असली की आकडा तिथेच उभा राहतो आणि आत काम चालू असतं. अशा वेळी बंद करायची घाई न करता टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्सवर जा, वायफायचा आणि डिस्कचा आलेख बघा. काहीतरी हलतंय, रेषा वर-खाली होतायत, तर बसून राहू द्या, चहा करून या. अर्धा-पाऊण तास दोन्ही रेषा अगदी सपाट असतील तर खरंच अडकलंय. मग मी काय करतो तर सरळ वायफाय बंद करतो. पुष्कळदा सेटअपला कळतं की नेट गेलं, तो आहे तेवढ्यावर पुढे सरकतो. नाहीच सरकला तर खिडकी बंद करून पुन्हा सुरू करायचा आणि पहिल्याच पानावर, नेक्स्टच्या बटणाकडे हात जायच्या आधी, बारीक निळ्या अक्षरांत 'चेंज हाऊ सेटअप डाउनलोड्स अपडेट्स' अशी ओळ असते, ती दाबायची. आत दोन पर्याय, वरचा अपडेट्स आणि ड्रायव्हर उतरवा असा, खालचा 'नॉट राइट नाऊ'. ती ओळ इतकी बारीक आहे की दहातल्या नऊ जणांना ती दिसतच नाही.

या पायरीवर बंद केलं म्हणून तुमचं काहीच बिघडलेलं नाही ताई, हे मुद्दाम सांगतो कारण तुमच्या लिहिण्यात ती भीती दिसली. तोपर्यंत सेटअप तुमच्या जुन्या विंडोजच्या आत नुसती तयारी करत असतो, उतरवलेलं सगळं एका लपवलेल्या फोल्डरमध्ये जमा करत असतो, चालू विंडोजला त्याने हात लावलेला नसतो. धोका सुरू होतो पहिल्या रीस्टार्टनंतर, जेव्हा काळ्या किंवा निळ्या स्क्रीनवर मोठे टक्के येतात आणि 'कॉम्प्युटर चालू ठेवा' असं लिहून येतं. तिथे पॉवरचं बटण दाबून धरायचं नाही. कितीही वेळ लागला तरी.

मग 'नॉट राइट नाऊ' कधी म्हणायचं? माझं मत असं की एरवी हो म्हणावं, आणि नाही म्हणायला कारण हवं. कारण म्हणजे तुम्ही मोबाईलच्या हॉटस्पॉटवर आहात, दिवसाचा दीड-दोन जीबीचा पॅक आहे, आणि ही उतरणारी अपडेट्स कधी काहीशे एमबी असतात कधी एक जीबीच्या वर जातात, अर्ध्यात पॅक संपला की सेटअप लटकतो. गावाकडे हे फार होतं. किंवा वर सांगितलं तसं खरंच अडकलंय. अशा वेळी नाही म्हणायला हरकत नाही, पण एकाच अटीवर, की पेनड्राईव्ह ताजा असला पाहिजे. ताज्या मीडियात यातलं बरंचसं आधीच मिसळलेलं असतं, त्यामुळे नेट नसलं तरी फार फरक पडत नाही. जुना पेनड्राईव्ह आणि वर नेटही बंद, हे मी माझ्या कोणत्याच गिऱ्हाईकाच्या मशीनला करत नाही.

इथे अजून एक बारकावा. तुम्ही विंडोज चालू असताना पेनड्राईव्ह उघडून 'सेटअप' वर डबल क्लिक केलं म्हणून तुम्हाला हे अपडेटचं पान दिसलं. पेनड्राईव्हवरून थेट बूट करून, सगळं पुसून नव्याने टाकलं असतं तर हे बहुतेक वेळा दिसत नाही, कारण त्या छोट्या विंडोज पीईमध्ये त्या क्षणी वायफाय जोडलेलंच नसतं. म्हणजे तिथे पेनड्राईव्हवर जे आहे तेवढ्यावरच सगळं चालतं, जुनेपणाचा फटका तिथे जास्त बसतो. मागे एक मुलगा इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाचा, अकराव्या पिढीचा लॅपटॉप घेऊन आला, जवळजवळ रडवेला झालेला. घरच्या घरी विंडोज टाकायला गेला तर 'कुठे टाकायचं' त्या पानावर यादी पूर्ण रिकामी, एकही डिस्क नाही. एका दुकानात त्याला सांगितलं की एसएसडी, म्हणजे आतली डिस्क, गेली, नवीन टाका. मी आधी बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी उघडणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, बघितलं तर एसएसडी तिथे नावासकट दिसत होती, क्षमतेसकट. म्हणजे वस्तू जिवंत आहे, इन्स्टॉलरलाच ती बघता येत नाहीये. अकराव्या पिढीपासूनच्या इंटेलच्या कित्येक लॅपटॉपमध्ये व्हीएमडी नावाची सोय चालू असते, डिस्क तिच्यामागे उभी असते, आणि तिचा ड्रायव्हर पेनड्राईव्हवर नसला की सेटअपच्या दृष्टीने लॅपटॉपमध्ये डिस्कच नाही. कंपनीच्या साईटवरून त्या मॉडेलचा स्टोरेज ड्रायव्हर उतरवला, उघडून साध्या फोल्डरमध्ये पेनड्राईव्हवर टाकला, त्याच रिकाम्या पानावरच्या 'लोड ड्रायव्हर' वर जाऊन ते फोल्डर दाखवलं, आणि यादीत ५१२ जीबीची डिस्क आली. त्या पोराचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. नवीन एसएसडीचे पैसे वाचले ते वेगळंच, पण डिस्कच्या आधीच्या भागात (पार्टिशनमध्ये) त्याचं सगळं काम होतं ते वाचलं याचा मला जास्त आनंद झाला.

पेनड्राईव्ह नवीन कसा बनवायचा ते तुमच्या भाच्याला माहीत आहेच, मायक्रोसॉफ्टच्या साईटवरचं मीडिया क्रिएशन टूल, किमान ८ जीबीचा पेनड्राईव्ह, त्यावरचं सगळं पुसलं जातं म्हणून रिकामा घ्या. पण टूलही प्रत्येक वेळी नव्याने उतरवा, डाउनलोडमध्ये पडलेलं जुनं चालवू नका, कारण टूलमध्येही दोष निघतात. सप्टेंबर २०२५ च्या शेवटी आलेली टूलची आवृत्ती विंडोज १० च्या मशीनवर आपोआप बंद पडत होती, नेमकं विंडोज १० चा सपोर्ट संपायच्या दोन आठवडे आधी, जेव्हा सगळ्या जगाला ते हवं होतं. नंतर ते दुरुस्त झालं. मी स्वतः माझ्या प्रत्येक पेनड्राईव्हला पांढरी चिकटपट्टी लावून त्यावर मार्करने महिना आणि साल लिहितो, आणि तीन-चार महिने झाले की पुन्हा बनवतो. घरी असा पेनड्राईव्ह सापडला आणि कधीचा ते आठवत नसेल तर त्यातल्या 'सेटअप' फाईलवर राईट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्समध्ये आवृत्तीचा आकडा बघा. मध्ये २२००० असेल तर ते २०२१ चं पहिलं विंडोज ११, २२६२१ असेल तर २०२२-२३ च्या घराण्यातलं, २६१०० असेल तर २०२४ नंतरचं. पण ताई, तुमच्या पेनड्राईव्हवरही २६१०० च दिसेल कदाचित, म्हणून नुसत्या आकड्यावर जाऊ नका, 'सोर्सेस'मधल्या मोठ्या फाईलची तारीखही बघा.

सुरू करण्याआधी दोन-तीन गोष्टी, ज्या मी न चुकता करतो. प्रश्नपत्रिका, निकालपत्रकं, फोटो, जे काही आहे ते बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. अपग्रेडमध्ये फाईली राहतात हे खरं, पण ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १० च्या एका मोठ्या अपडेटने काही लोकांच्या डॉक्युमेंट्स फोल्डरमधल्या फाईली उडवल्या होत्या, मायक्रोसॉफ्टला ते वाटप थांबवायला लागलं आणि दुरुस्त करून नोव्हेंबरमध्ये पुन्हा द्यावं लागलं. ज्यांच्याकडे कॉपी होती त्यांनी अर्ध्या तासात परत टाकल्या. दुसरं, डिव्हाइस एन्क्रिप्शन किंवा बिटलॉकर, म्हणजे डिस्कला लावलेलं कुलूप, चालू आहे का बघा, असेल तर त्याची ४८ आकडी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट अकाउंटमधून काढून वहीत लिहून ठेवा. फोनमध्ये फोटो काढला तरी चालेल, पण त्याच लॅपटॉपमध्ये सेव्ह करू नका, मशीनने की मागितली तेव्हा लॅपटॉप उघडणारच नसतो. तिसरं, सी ड्राईव्हला जागा. मी तीस जीबी तरी मोकळी करायला लावतो. आणि वीज. तुमचा लॅपटॉप सहा-सात वर्षांचा आहे, बॅटरी कितपत धरते ते आधी बघा. एकदा एका गिऱ्हाईकाच्या घरी मोठे टक्के चालू असताना लाईट गेली, बॅटरी आधीच मेलेली, मशीन धप्पकन बंद. लाईट आल्यावर चालू केलं तर 'केलेले बदल मागे घेत आहोत' असं आलं, पाऊण तास ते चाललं आणि जुनं विंडोज जसंच्या तसं परत उभं राहिलं. ती मागे आणणारी यंत्रणा खरंच चांगली आहे. तरी तिची परीक्षा घेऊ नका, इन्व्हर्टरवर लावा नाहीतर लाईट जायची वेळ टाळून बसा.

अपग्रेड मध्येच परत फिरलं तर शेवटी एक एरर कोड येतो, तो घाईत बंद करू नका, फोटो काढा. '०-एक्स-सी-१९००१०१' अशी सुरुवात असेल तर बहुतेक कोणत्या तरी ड्रायव्हरने घात केलाय, आणि डॅशनंतर जो दुसरा कोड असतो, '०-एक्स-२००१७' असा, त्यात 'एक्स'नंतरचा पहिला अंक बघायचा. १ असेल तर जुन्या विंडोजमध्ये असतानाच पडलं, २ म्हणजे त्या रिकव्हरीच्या वातावरणात, ३ म्हणजे नवं विंडोज पहिल्यांदा उठताना, ४ म्हणजे शेवटच्या टप्प्यात तुमचं खातं लावताना. या एका अंकावरून माझं अर्धं काम होतं. २ आला तर मी आधी जास्तीची उपकरणं काढतो, प्रिंटर, डॉकिंग, दुसरा मॉनिटर, आणि बायोस अपडेट बघतो. ३ आला तर ग्राफिक्सचा आणि वायफायचा ड्रायव्हर, आणि बाहेरचा अँटीव्हायरस असेल तर तो काढून टाकतो. '८००७००७०' दिसलं तर सरळ जागा कमी पडलीय.

झालं की विंडोज अपडेट उघडून 'काही नाही' असं म्हणेपर्यंत दोन-तीनदा तपासा, मध्ये रीस्टार्ट मागेल तर द्या. 'प्रीव्ह्यू' लिहिलेलं अपडेट मात्र घेऊ नका, ते महिनाअखेरीला ज्यांना आधी करून बघायचंय त्यांच्यासाठी असतं, त्यातलंच पुढच्या दुसऱ्या मंगळवारी सगळ्यांना येतं. आणि 'विंडोज डॉट ओल्ड' वीस-पंचवीस जीबी खातंय म्हणून दुसऱ्याच दिवशी डिस्क साफ करायला जाऊ नका. दहा दिवस ते ठेवलेलं असतं, तेवढ्या दिवसांत शाळेचा प्रिंटर, निकालाचं सॉफ्टवेअर, प्रोजेक्टर, सगळं एकदा लावून बघा, काही चाललं नाही तर सेटिंग्ज, सिस्टम, रिकव्हरीमधून मागे जाता येतं. दहा दिवसांनंतर ते फोल्डर आपोआप जातं आणि मग मागे जायचं तर सगळं पुसूनच टाकावं लागतं.

परीक्षा तोंडावर असतील आणि आत्ता हे करायचं नसेल तरी चालेल. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला हे खरं, पण घरगुती मशीनसाठी जास्तीची सिक्युरिटी अपडेट्स १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात, विंडोज अपडेटच्या पानावर नावनोंदणीचा पर्याय असतो, तेवढं आज करून ठेवा आणि अपग्रेड सुट्टीत करा. सुरू कराल तेव्हा ४६ वर पुन्हा बसलं तर टास्क मॅनेजरचा तो आलेखाचा फोटो आणि नवीन पेनड्राईव्ह कोणत्या तारखेचा आहे एवढं कळवा, पुढचं बघू.